खोडलेल्या दोन ओळी

आई गेली त्याला अकरा महिने झाले होते आणि मी एकदाही रडलो नव्हतो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला स्वतःलाच त्याची लाज वाटत होती. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग ओठ आपला असून आपला लागत नाही, तसं काहीतरी माझं सगळंच झालं होतं. जेवत होतो, झोपत होतो, मंडईतून भाजी आणत होतो. देवासच्या आमच्या कॉलनीत कुणी भेटलं की विचारायचं, "कैसे हो भिया, सब ठीक?" आणि मी म्हणायचो, ठीक. ते खोटंही नव्हतं.

चित्रंही बंद पडली होती. मी काही मोठा चित्रकार नाही. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली, आधी बोर्डावर आणि मग कॉम्प्युटरवर यंत्रांच्या सुट्या भागांच्या आकृत्या काढल्या आणि निवृत्त झालो. पण सुट्टीच्या दिवशी वही आणि पेन पिशवीत टाकून बस पकडायची, कुठेतरी उतरायचं आणि दिसेल ते काढायचं, हे माझं जन्मभराचं व्यसन. सोनकच्छच्या मंडीतल्या बैलगाड्या गेल्या आणि ट्रॅक्टर आले, ते सगळं माझ्या वह्यांत आहे. लांबचा प्रवास मी फारसा केला नाही. मला वाटतं, प्रवासाला अंतर फार लागत नाही. रिकामा वेळ लागतो आणि ओळखीचं कुणी बरोबर नसावं लागतं.

आई गेल्यावर थंडीत एकदा मांडूला गेलो. नालछ्याला उतरून चहा घेतला, पुढच्या गाडीनं वर गेलो, एका पडक्या महालासमोर पायरीवर बसलो. तीन तास बसलो. वही मांडीवर उघडी, पेनाचं टोपण काढलेलं. काहीच काढावंसं वाटलं नाही. एका जोडप्यानं फोटो काढायला सांगितला, तो नीट काढून दिला. मग टोपण लावलं आणि परत आलो. बायकोनं विचारलं, "काय काढलं आज?" मी म्हटलं, "फोटो." 

वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा बायकोच म्हणाली की आईंच्या कवितांच्या वहीचं छोटं पुस्तक करू या. नातेवाइकांना आणि महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना वाटायला. मुलगी टाइप करेल, मुखपृष्ठ आणि आतली अक्षरं मी काढायची. मी हो म्हटलं. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण आत कुठेतरी मला माहीत होतं की ही शेवटची संधी आहे. आईसाठी एक रेघही जर मला ओढता आली नाही, तर पुढे कुणासाठीच ओढता येणार नाही.

वहीबद्दल सांगायला हवं. आई मूळची धारची. तिच्या माहेरचे लोक मराठ्यांच्या फौजांबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. वडील मात्र पुण्याकडचे. देवासला कारखाने निघाले तेव्हा नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले, पण मनानं त्यांनी पुणं कधी सोडलं नाही. आई काही बोलली की ते हसून म्हणायचे, "आमच्याकडे असं नाही म्हणत हं." आईच्या बोलण्यात जुनी मराठी, हिंदी आणि माळवी असं सगळं सुखानं नांदायचं. वडील वाईट नव्हते. पण चांगली मराठी ही पुण्याहून येणारी वस्तू आहे, बाकरवडीसारखी किंवा भाजणीसारखी, अशी आमच्या घरात सगळ्यांचीच समजूत होती. माझीसुद्धा. शाळा हिंदी, मित्र हिंदी, घरी मराठी. इथली मराठी कामापुरती, खरी मराठी तिकडची.

पुस्तकंही तिकडूनच यायची. इंदूरला मिळायची म्हणे, पण पुस्तकासाठी इंदूरला जाण्याची पद्धत आमच्यात नव्हती. पुण्याहून कुणी पाहुणा आला की त्याच्या पिशवीत एखादा कवितासंग्रह असायचा. पाहुणा चार दिवस राहायचा आणि त्या चार दिवसांत आई ते पुस्तक वहीत उतरवून घ्यायची. पाहुणा टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेला की आई ओट्याला टेकून उभ्यानं लिहायची. एका हातानं आमटी ढवळायची आणि दुसऱ्या हातानं लिहायची. आवडलेल्या सगळ्या कविता उतरवून झाल्या की पाहुण्याला हसतमुखानं निरोप. मला वाटायचं, पाहुणे गेल्यावर तिला होणारा आनंद हा काम हलकं झाल्याचा असतो. तो पुस्तक पुरं झाल्याचा असायचा.

अशा सात वह्या भरल्या. त्यातली मधली, लाल कापडी पुठ्ठ्याची, सगळ्यांत जाड. प्रत्येक कवितेखाली उजव्या कोपऱ्यात कवीचं नाव, त्याखाली पुस्तकाचं नाव. आणि अधूनमधून काही कविता अशा, की खाली काहीच नाही. ह्या बिननावाच्या कविता मला लहानपणापासून माहीत होत्या. मी धरूनच चाललो होतो की घाईत नाव राहिलं असेल. जी बाई लोणच्याच्या बरणीवर आंबा कुठल्या झाडाचा आहे ते लिहून ठेवायची, ती कवीचं नाव घाईत विसरेल, हे मला पटलं कसं, कोण जाणे.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. मंडळाच्या गणेशोत्सवात त्या वर्षी टूम निघाली की सजावटीला थर्माकोल नको, भिंतीवर कविता लावू. अक्षर माझं बरं, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. मी खुशीतच होतो. आईची लाल वही घेतली आणि दहा कविता निवडल्या. त्यातली एक बिननावाची होती. दोरीवरचे कपडे काढून त्यांच्या घड्या घालण्याची. साधीच, पण मला फार आवडली. दहांत सगळ्यांत मोठा कागद मी तिलाच दिला. वर दोरी काढली, दोरीवर वाऱ्यानं फुगलेला सदरा काढला आणि खाली कविता लिहिली:

उतरत्या उन्हात दोरीवरून
कपडे काढून आणते.
प्रत्येकात थोडं ऊन शिल्लक असतं.
ते सांडू नये म्हणून
हळूच घडी घालते,
ह्यांचा सदरा, पोराची चड्डी,
आल्यागेल्याची चादर.
बाह्या आत, काठ बाहेर,
ज्याचं त्याच्या कप्प्यात.
कपाट बंद करताना
हाताला ऊब लागते.

वहीत ह्याच्यापुढे आणखी दोन ओळी होत्या. त्या मी गाळल्या. हाताला ऊब लागते, इथे कविता छान संपते असं माझं मत झालं. मला तेव्हा प्रत्येक गोष्टीवर मत असायचं. खाली मी वळणदार अक्षरांत लिहिलं, 'कवी : अज्ञात'.

आई संध्याकाळी आरतीला आली. हॉलमध्ये फिरून तिनं दहाही कागद पाहिले आणि ह्या एकापाशी थांबली. बराच वेळ. मी मागून जाऊन उभा राहिलो, कौतुक ऐकायला. ती म्हणाली, "शेवटच्या दोन ओळी?"

"जागा नव्हती," मी म्हटलं. मग ते पुरेसं वाटेना म्हणून शहाणपणा पाजळला, "आणि आई, तशाही त्या जास्तीच्याच होत्या. मूड घालवत होत्या."

"हो का," ती म्हणाली.

तिनं पदर नीट केला आणि बायकांमध्ये जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी घरी श्रीखंड होतं. वार साधा, सण नाही, पाहुणा नाही. वडिलांनी विचारलं, "आज काय विशेष?" आई म्हणाली, "दूध जास्त झालं होतं." आम्ही दोघांनी भरपूर खाल्लं आणि विषय संपला.

हे सगळं मी पार विसरून गेलो होतो. आठवण करून दिली मुलीनं.

मुलगी इंदूरला नोकरी करते, शनिवारी येते. तिची शाळा सगळी हिंदी-इंग्रजी, मराठी बोलते फर्डी पण वाचताना अडखळते. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचते, लहान मुलासारखी. मला तिच्या त्या वाचनाची चीड यायची. आम्ही कमी पडलो असं वाटायचं. पण मी ती लाल वही पन्नास वेळा चाळली होती आणि मला जे दिसलं नाही ते तिला बोट ठेवून वाचताना दिसलं.

"बाबा," ती म्हणाली, "इथे काही तरी काटलंय."

कपड्यांच्या कवितेखाली, जिथे त्या दोन ओळी होत्या, तिथे शाईचा पट्टा होता. गिचमिड नव्हे. पट्टी धरून, रेघेला रेघ लावून, एकही अक्षर वाचता येणार नाही असा भरून काढलेला. आईच्याच पेनाची निळी शाई. उजेडात धरलं, उलटं धरलं, मुलीनं मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. काही दिसेना.

"तुम्हाला आठवतायत का ओळी?"

मला आठवत नव्हत्या. मूड घालवत होत्या एवढंच आठवत होतं.

मग ती म्हणाली, "पण मतलब, दुसऱ्याच्या कवितेच्या लाइनी कोणी काटतं का?"

मी वही तिच्याकडून घेतली आणि गच्चीवर गेलो. सातही वह्यांत, शेकडो कवितांत, आईनं कुणाच्या ओळीतला एक शब्द खोडला नव्हता. पुस्तकात छापताना चूक झालेली दिसली तरी ती तशीच उतरवायची आणि बाजूला पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह करायची. लोकांच्या ओळींना ती देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी जपायची. ही बाई दुसऱ्याच्या दोन ओळी अशा बुजवून टाकेल? मग ओळी कुणाच्या होत्या?

आणि पोराची चड्डी. ती चड्डी माझी होती. मीच ती वळणदार अक्षरांत लिहून भिंतीवर लावली होती.

हे कळलं तेव्हा काही व्हायला हवं होतं. मी वाट पाहिली. गच्चीवर बायकोचे कपडे वाळत होते, खालून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी दोरीवरून घसरलेला एक टॉवेल सारखा केला, बस. माझा मला राग आला. एवढं कळूनही हा माणूस लाकडासारखा उभा आहे, असं मीच माझ्याकडे बघत होतो.

खात्री करून घ्यायला एकच माणूस उरलं होतं. धारची मावशी, आईची धाकटी बहीण. दोघींच्या वह्यांची अदलाबदल चालायची. आईला पाहुण्याकडून काही मिळालं की ते मावशीला पोस्टानं जायचं, मावशीला धारच्या वाचनालयात काही मिळालं की इकडे यायचं. लिफाफ्यात मुलांच्या तब्येती, पापडाचं प्रमाण आणि एक कविता. पुस्तक आठ दिवसांवर आलं होतं, छापणारा माणूस फाईल मागत होता. बिननावाच्या तेवीस कविता होत्या. त्यांच्याखाली काय छापायचं?

सकाळी देवासहून निघालो. इंदूरला बस बदलली. धारच्या गाडीत खिडकीशी बसलो. गव्हाची कापणी झाली होती, शेतं रिकामी होती, कुठे कुठे लसूण काढून बांधावर टाकलेला. एरवी अशा रस्त्यावर माझा हात शिवशिवतो. मी वही काढलीसुद्धा. काही झालं नाही. शेजारच्या माणसानं विचारलं, "आर्टिस्ट हो क्या भिया?" मी म्हटलं, "था."

मावशी तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांत एकटी राहते. ऐंशीची आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मला पाहून म्हणाली, "अरे, तू तर एकदम पतला झाला! सून जेवायला देते ना?" मग आत जाऊन पोहे करायला लागली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "धारला येऊन पोहे न खाता जाशील? तुझी आई मला वरून शिव्या देईल." पोह्यांवर बचकभर शेव घालून बशी माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसली.

मी वही उघडून तो शाईचा पट्टा दाखवला. म्हटलं, "मावशी, ही कविता कोणाची?"

तिनं चष्मा लावून बघितलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"अरे देवा," ती म्हणाली. "ताईची रे. ज्यांच्याखाली नाव नाही त्या सगळ्या ताईच्याच. दुसऱ्याची असली की नाव लिहायचं, आपली असली की नाही लिहायचं, असं आमचं ठरलेलं होतं. आपली आपल्याला तर माहीत असते ना!"

"आम्हाला कधी सांगितलं नाही तिनं."

"कोणाला सांगणार? भाऊजी म्हटले असते, आमच्याकडे असं नाही लिहीत हं." मावशी हसली. वडिलांचा आवाज तिनं अगदी हुबेहूब काढला. मला हसू यायला हवं होतं.

ती उठली, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तिची वही काढली, पानं उलटत थुंकी लावत एका ठिकाणी थांबली आणि वही माझ्या हातात दिली. मावशीचं अक्षर मोठं, शाळकरी. तीच कविता. पोस्टानं आली तेव्हा उतरवून घेतलेली, म्हणजे माझ्या पराक्रमाच्या कितीतरी आधीची. हाताला ऊब लागते. आणि त्याखाली:

माझी घडी कुणी घातली, आठवत नाही.
तेव्हा ऊन होतं की नव्हतं, तेही नाही.

मी वाचलं. परत वाचलं. मग लाल वही घेऊन तिच्यातली पुढची पानं उलटली. मी भिंतीसाठी कविता निवडल्या तेव्हा जी पानं कोरी होती, त्यांवर बिननावाच्या कविता बऱ्याच होत्या. शाई बदलली होती, अक्षर जरा तिरकं झालं होतं. पाऊस, गव्हाचं निवडण, शेजारणीची लेक, स्टेशनवरचा हमाल. चांगल्या होत्या. सगळ्या कशा गोड जागी संपत होत्या. त्यांत आई कुठेच नव्हती. आधीच्या कवितांत ती दर दोन पानांआड भेटत होती, नंतर एकदाही नाही. ते मी काढून टाकलं होतं. जास्तीचं आहे म्हणून.

"तिला वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाईट?" मावशी म्हणाली. "अरे, किती खूश होती! चिठ्ठी आली होती मला. म्हणे, पोरानं माझी कविता भिंतीवर लावली. त्याला माहीत नाही माझी आहे ते. न कळता आवडली, म्हणजे खरंच बरी असेल. श्रीखंड केलं होतं म्हणे."

मी बशीकडे बघत होतो.

"म्हणून तर तुला सांगितलं नाही तिनं. सांगितलं असतं तर तू आईची म्हणून छान म्हटलं असतं. तिला ते नको होतं."

"मग ह्या ओळी का बुजवल्या?"

"तूच म्हटलं ना जास्तीच्या आहेत." मावशीला त्यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नाही. "तिनं लिहिलं होतं, त्याला कळतं त्यातलं, तो चित्रं काढतो. मग खोडल्या."

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की कलेत काय गाळायचं ते कळलं पाहिजे. मंडळातल्या पोरांना शिकवताना हे वाक्य मी कितीदा तोंड वर करून म्हटलं आहे. मला काय कळत होतं? मला वाऱ्यानं फुगलेला सदरा काढायचा होता. त्या दोन ओळी माझ्या सदऱ्याच्या आड येत होत्या.

मावशी पुन्हा कपाटाकडे गेली. ह्या वेळी वेळ लागला. साड्यांच्या मागून तिनं एक गुंडाळी काढली, जुन्या परकराच्या नाडीनं बांधलेली. "हे पण घेऊन जा आता," ती म्हणाली. "गणपती झाल्यावर ताई स्वतः बसनं घेऊन आली होती. घरी ठेवलं तर ह्यांना कळेल म्हणाली."

तो कागद होता. कडा पिवळ्या, मध्ये वाळवीनं खाल्लेलं बारीक भोक. आम्ही दोघांनी तो चटईवर पसरला, चार कोपऱ्यांवर पोह्याची बशी, पाण्याचा तांब्या आणि दोन वह्या ठेवल्या. वर दोरी, दोरीवर सदरा. सदरा खरंच चांगला जमला होता. खाली अकरा ओळी. सगळ्यांत तळाशी 'कवी : अज्ञात'.

आणि अकराव्या ओळीच्या आणि त्या 'अज्ञात'च्या मध्ये कोरा कागद होता. चांगला वीतभर. दोन काय, सहा ओळी बसल्या असत्या.

मी जागा नव्हती म्हटलं होतं. तोंडावर म्हटलं होतं, त्या कागदासमोर उभा राहून, आणि ती त्या कागदाकडे बघत होती.

मावशीनं माझी नजर पाहिली असावी. ती हळूच म्हणाली, "मी पण ताईला म्हटलं होतं तेव्हा. म्हटलं, इथे तर एवढी जागा पडली आहे. तर म्हणाली, असू दे ग. त्याला नसेल दिसली."

मला रडू फुटलं. अकरा महिन्यांनी, म्हातारपणी, मावशीच्या चटईवर, नाकातोंडातून, कसलीही लाज न धरता.  मावशीनं कागद भिजू नये म्हणून तो माझ्यापासून थोडा लांब सरकवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

बऱ्याच वेळानं मी तोंड धुऊन आलो. पिशवीतून पेन काढलं. टोपण काढलं. गुडघे टेकून कागदावर वाकलो, पण अक्षर पूर्वीचं राहिलं नव्हतं. पहिली ओळ वर चढली, दुसरी खाली आली. मावशी वहीतून एकेक शब्द वाचून दाखवत होती, मला पाठ झालं होतं तरी. दोन्ही ओळी लिहून झाल्या तरी खाली जागा उरली.

मग मी 'अज्ञात'वर एक रेघ मारली आणि पुढे आईचं नाव लिहायला लागलो. मावशीनं माझा हात धरला. "ते नाही," ती म्हणाली. "ते लग्नात भाऊजींनी ठेवलेलं. आधीचं लिही. कविता ती आधीपासून लिहायची."

आईचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी पेन कागदावर टेकवून थांबलो आणि मावशीला विचारलं.